अनेकांचा एक



पावसाळ्याच्या दिवसांत मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर किंवा गिरगाव चौपाटीवर कधी कधी निळसर रंगाचे, हवेने फुगलेले लहान फुगे वाहून आलेले दिसतात. फुग्याखाली निळे लांब धागे लोंबत असतात. हाताळायला गेलात तर जबरदस्त दंश होतो. २०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात अशा दंशांच्या बातम्या मुंबईच्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. हा प्राणी 'ब्लू बॉटल' या नावाने ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय नाव फायसेलिया. तो मेलेला दिसला तरी त्याला हात लावू नका, कारण धाग्यांतील दंशपेशी त्यानंतरही काही काळ काम करीत राहतात.

पण आजचा आपला विषय दंशाचा नाही. विषय असा, की हा 'एक' प्राणी आहे का? वरचा फुगा तरंगण्याचे काम करतो, पण त्याला स्वतः खाता येत नाही. धाग्यांचे काम भक्ष्य पकडण्याचे. त्यांच्याशेजारी नुसती पोटे असावीत तसे भाग असतात, ते भक्ष्य पचवतात. आणखी काही भाग फक्त प्रजननासाठी असतात. प्राणिशास्त्रज्ञांनी या भागांची रचना आणि वाढ तपासली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे मुळात एक स्वतंत्र प्राणीच आहे असे आढळले. प्रवाळाचा एक पॉलिप जसा, तसा. या घटकप्राण्यांना 'जीवक' म्हणतात. म्हणजे ब्लू बॉटल ही जीवकांची वसाहत झाली. मात्र त्यातला एखादा जीवक सुटा केला तर तो जगू शकत नाही.

मग हा एक प्राणी की अनेक? उत्तराची घाई करू नका. कारण हाच प्रश्न तुमच्या स्वतःच्या शरीराबद्दलही विचारता येतो. तुमच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशी जिवंत आहे, ती अन्न घेते, श्वसन करते, पुष्कळशा पेशी विभाजनही करतात. आणि या पृथ्वीवर एकेकट्या पेशी स्वतंत्र जीव म्हणून राहत होत्या असा फार मोठा काळ होऊन गेला. त्या एकत्र का आल्या आणि 'एक' कशा झाल्या?

उत्क्रांतीचा विषय निघाला की पक्ष्याची चोच पिढ्यान्पिढ्या थोडी थोडी लांब होणे आपल्याला पटते. पण एका पेशीपासून स्पंज, मासा, हत्ती? अशा मोठ्या पल्ल्याच्या बदलांना 'स्थूल उत्क्रांती' म्हणतात, आणि येथे पुष्कळांची बुद्धी अडखळते. ही उडी फार मोठी वाटते. ती खरोखर एकच उडी होती, की लहान लहान पावले होती, हे आज आपण तपासून पाहू. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक असल्यामुळे सुरुवात मात्र माझ्या प्रांतातून करतो.

पेशी लहानच का?

एक फासा घ्या. त्याची बाजू १ सेंटिमीटर आहे असे समजा. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता बाजू दुप्पट करा. घनफळ ८ झाले, पण पृष्ठफळ २४ च. आधी प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येत होता, आता ३ च येतो. पेशीला अन्न आणि ऑक्सिजन पृष्ठभागातून मिळतो, आणि तो खर्च होतो घनफळात. म्हणून पेशी वाढत गेली की तिची उपासमार होऊ लागते.

दुसरी अडचण विसरणाची. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे रेणू धक्के खात खात, वाट चुकलेल्या माणसासारखे इकडून तिकडे भटकतात. अशा भटकंतीला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्यातील ऑक्सिजनचा विसरण गुणांक घेऊन गणित केले, तर मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण एका पेशीएवढे अंतर, तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडतो. १ मिलिमीटरला सुमारे ४ मिनिटे लागतात. १ सेंटिमीटरला ७ तास. आणि १ मीटरला? जवळजवळ ८ वर्षे! केवळ विसरणाच्या भरवशावर राहिलो असतो तर आपल्या पायाच्या अंगठ्याला बालवाडीतला श्वास कित्येक वर्षांनी पोचला असता.

तेव्हा पेशीने स्वतः फुगून मोठे होण्याला भौतिकीनेच मर्यादा घातली आहे. मोठे व्हायचे तर पेशींची संख्या वाढवणे हाच व्यवहार्य मार्ग. पण नीट विचार करा : पेशींचा भरीव गोळा केला तरी आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचण्याची अडचण तशीच राहते. म्हणून निसर्गात अगदी साधे बहुपेशीय जीव पाहिले, तर ते धाग्यासारखे, पातळ पापुद्र्यासारखे किंवा पोकळ चेंडूसारखे दिसतात. स्पंजाचे शरीर पाणी खेळवणाऱ्या नळ्यांनी भरलेले असते. जेलीफिशच्या अंगात पेशींचे दोन पातळ थर, आणि मध्ये बहुतांशी जेली. रक्ताभिसरणाची सोय झाल्यावरच जाडजूड, भरीव प्राणी शक्य झाले.

मोठे होण्यात फायदा काय?

इतकी अडचण असताना मोठे व्हायचेच कशाला? याचे एक सरळ उत्तर असे, की लहानांना खाणारे पुष्कळ असतात.

अमेरिकेतील मार्टिन बोरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शैवल. त्यांच्या प्रयोगशाळेत ते दीर्घकाळ एकेकट्या पेशींच्याच रूपात वाढत होते. त्यात त्यांनी क्लोरेलाच्या पेशी गिळणारा एक कशाभिकाधारी भक्षक सोडला. (कशाभिका म्हणजे पेशीची चाबकासारखी हलणारी शेपटी.) शंभर पिढ्यांच्या आत क्लोरेलाचे पुंजके दिसू लागले. आरंभी काही पुंजके दहा-दहा, शंभर-शंभर पेशींचेही होते. पण शेवटी टिकली ती आठ पेशींची वसाहत. आठच का? भक्षकाच्या तोंडात मावणार नाही इतकी ती मोठी, आणि प्रत्येक पेशीला पाण्याचा स्पर्श राहील इतकी लहान! फाशाचे जे गणित आपण केले, ते येथे नैसर्गिक निवडीने करून दाखवले. हा गुण पुढच्या पिढ्यांतही टिकून राहिला.

दुसरा प्रयोग पावात वापरतात त्या यीस्टवर झाला. विल्यम रॅटक्लिफ, मायकेल ट्रॅव्हिसानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ साली प्रसिद्ध केला. कृती इतकी सोपी की हसू यावे. यीस्ट चंबूत वाढवायचे, दिवसातून एकदा परीक्षानळीत थोडा वेळ स्थिर ठेवायचे, आणि तळाशी बसलेला भागच तेवढा नव्या चंबूत घालायचा. वरचे टाकून द्यायचे. जो लवकर बुडेल तो तरेल, असा उलटा न्याय!

द्रवात बुडणाऱ्या लहान गोळ्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हा स्टोक्सचा नियम तुम्ही पुढे शिकाल. एक हजार पेशींचा दाट गोळा केला तर त्याची त्रिज्या दहापट आणि बुडण्याचा वेग शंभरपट होतो. साठ दिवसांत प्रयोगातील दहाही चंबूंमध्ये हिमकणांसारख्या फांद्या असलेल्या वसाहतींचे राज्य झाले. त्या कशा बनल्या? विखुरलेल्या पेशी जवळ येऊन चिकटल्या नव्हत्या. पेशीचे विभाजन झाल्यावर लेक आईपासून सुटी व्हायची, ती सुटलीच नाही, एवढेच. हाच प्रयोग पुढे सहाशे दिवस चालू ठेवला गेला. ज्यांना ऑक्सिजनविना वाढवले त्या वसाहती आरंभीच्या वसाहतींपेक्षा सुमारे वीस हजारपट मोठ्या झाल्या, नुसत्या डोळ्यांना दिसू लागल्या. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला.

मात्र यीस्ट किंवा क्लोरेला हे आपले पूर्वज नव्हेत. या प्रयोगांनी दाखवले ते एवढेच, की एकाचे अनेक होऊन एकत्र राहण्याचे पहिले पाऊल अवघड नाही. जीवसृष्टीच्या निरनिराळ्या शाखांत हे पाऊल निदान पंचवीस वेळा स्वतंत्रपणे टाकले गेले असावे, असा अंदाज आहे.

प्राण्यांचे जवळचे नातलग

आता प्राण्यांकडे वळू. पाण्यात कोएनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतात. अंडाकृती पेशी, तिला एक कशाभिका, आणि कशाभिकेच्या बुडाभोवती सदऱ्याच्या कॉलरसारखे बारीक तंतूंचे कडे. कशाभिका हलली की पाण्याचा प्रवाह निर्माण होतो आणि त्याबरोबर आलेले जीवाणू कॉलरला अडकतात. हेन्री जेम्स-क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की स्पंजाच्या नळ्यांच्या आत हुबेहूब अशाच पेशी असतात. पुढे जनुकांच्या तुलनेने या साम्याला दुजोरा मिळाला. आज जिवंत असलेल्या एकपेशीय जीवांत कोएनोफ्लॅजेलेट हे प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत.

स्पंजाच्या पेशींची एकमेकींशी असलेली ओढ किती विलक्षण असते हे एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली दाखवले. त्यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून काढला. पलीकडे पाण्यात सुट्या पेशी पडल्या. काही वेळाने त्या सरपटत एकत्र आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि त्यांतून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले!

पेशींना धरून ठेवणारा हा गोंद कोठून आला? प्राण्यांच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवण्यात कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांचा मोठा वाटा आहे. २००८ साली एका कोएनोफ्लॅजेलेटचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो एकटा राहणारा जीव. त्याला शेजाऱ्याशी हात धरण्याचे कारण नाही. तरी त्यात कॅडहेरिनच्या कुळातली २३ जनुके सापडली. तेथे या प्रथिनांचा उपयोग बहुधा जीवाणू पकडण्यासाठी होत असावा. म्हणजे गोंद आधीच घरात होता, काम तेवढे बदलले. आजोबांच्या जुन्या धोतराची आजी गोधडी शिवते, तसाच हा प्रकार. उत्क्रांतीत नवीन वस्तू कोरी करकरीत येते असे फार क्वचित घडते.

कोएनोफ्लॅजेलेटची आणखी एक जात विभाजनानंतर कधी सुटी होते, तर कधी पेशी जोडलेल्याच ठेवून गुलाबाच्या फुलासारखी वसाहत करते. ही वसाहत होण्याचा इशारा एका जीवाणूपासून निघालेल्या पदार्थाने मिळतो, असे २०१२ साली निकोल किंग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

एकत्र राहण्याची किंमत

आतापर्यंत आपल्याजवळ पुंजका आहे, पण पुंजका म्हणजे 'एक' जीव नव्हे. यात्रेतली गर्दी म्हणजे कुटुंब नव्हे, तसे. फरक कोठे पडतो हे व्हॉल्व्हॉक्समध्ये फार स्वच्छ दिसते. व्हॉल्व्हॉक्स हेही शैवलच, प्राणी नव्हे, पण उदाहरण म्हणून उत्तम. डबक्याच्या पाण्यात तरंगणारे हिरवे, पोकळ गोळे. त्यांपैकी एका जातीला हेन्री कार्टर यांचे नाव दिलेले आहे. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य एकोणिसाव्या शतकात मुंबईत होते. मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातले स्पंज आणि व्हॉल्व्हॉक्स या दोहोंचाही त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

कार्टरच्या व्हॉल्व्हॉक्समध्ये सुमारे २००० लहान पेशी असतात. त्या कशाभिका हलवून गोळा पोहता ठेवतात. आतल्या बाजूला सुमारे १६ मोठ्या पेशी असतात. प्रजनन फक्त त्या करतात. नवे गोळे तयार होऊन बाहेर पडले, की त्या २००० पेशी मरून जातात. त्यांची स्वतःची संतती कोणीच नाही.

याच कुळातील क्लॅमिडोमोनास एकपेशीय आहे. तो आधी पोहतो आणि मग कशाभिका आवरून विभाजन करतो. दोन्ही कामे एकाच पेशीला पाळीपाळीने करावी लागतात. गोनियम ८ किंवा १६ पेशींचे, प्लिओडोरिना ६४ किंवा १२८ पेशींचे. ही मधली उदाहरणे आजही डबक्यांत आहेत. २०१० साली व्हॉल्व्हॉक्सचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा आढळले की त्यात आणि क्लॅमिडोमोनासमध्ये जनुकांची संख्या जवळजवळ सारखीच, साडेचौदा हजारांच्या आसपास आहे. हजारो नव्या जनुकांची काही गरज पडली नाही.

व्हॉल्व्हॉक्समधील एक जनुक पोहणाऱ्या पेशींना प्रजननापासून रोखून धरते. ते उत्परिवर्तनाने बिघडले, तर याच पेशी काही काळ पोहून मग कशाभिका सोडून देतात, मोठ्या होतात आणि स्वतःच विभाजन करू लागतात. वल्हेकऱ्यांनी वल्ही टाकून दिल्यावर होडीचे जे होईल तेच त्या गोळ्याचे होते.

येथे आपण मुद्द्याच्या गाभ्याशी आलो. अनेकांचा एक व्हायचा, तर बहुतेकांनी आपली संतती सोडून द्यावी लागते. नैसर्गिक निवडीत ज्याची संतती जास्त तो टिकतो, मग असा त्याग टिकला कसा? उत्तर नात्यात आहे. व्हॉल्व्हॉक्सचा सगळा गोळा एकाच पेशीच्या विभाजनातून तयार होतो, म्हणून सर्व पेशींची जनुके तीच असतात. त्या १६ पेशींची संतती जगली की पोहणाऱ्या पेशींचीच जनुके जगतात.

याच्या उलट उदाहरण मातीत सापडते. डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबासारखे जीव अन्न संपले की हजारोंनी एकत्र येतात आणि एक बारीक खांब उभारतात. खांबाच्या टोकावरच्या पेशींचे बीजाणू होतात. सुमारे एक पंचमांश पेशी खांब बनून मरतात. पण हे जीव ठिकठिकाणांहून जमलेले असल्यामुळे त्यांत वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ होऊ शकते. मग खांबात न जाता टोकावर जागा पटकावणारे लबाड वंशही आढळतात.

आता तुमच्या लक्षात येईल, की हत्ती असो, माणूस असो वा स्पंज, प्राण्याचा आरंभ एका फलित अंडपेशीपासून का होतो. प्रत्येक पिढीत सर्व पेशींचे नाते नव्याने पक्के होते. तरीही करार मोडतो. एखाद्या पेशीत उत्परिवर्तने साचतात, ती शरीराचे ऐकेनाशी होते आणि स्वतःपुरती वाढत सुटते. यालाच आपण कर्करोग म्हणतो. तो बाहेरून आलेला शत्रू नाही. फार पूर्वी सोडून दिलेला एकटेपणाचा धर्म आपल्यातलीच एक पेशी पुन्हा आचरू लागते. म्हणूनच त्याचा बंदोबस्त इतका कठीण आहे. मोठ्या शरीरात पेशी जास्त, म्हणजे पहाराही जास्त हवा. पेशींवर पहारा ठेवणारे एक महत्त्वाचे जनुक हत्तीमध्ये सुमारे २० प्रतींत असते, असे २०१५ साली आढळले.

खडकांतील साक्ष

हे सारे केव्हा घडले? ३५ मीटर लांबीची दोरी घ्या आणि १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षे असे समजा. जीवसृष्टी निदान दोरीच्या पहिल्या टोकापासून आहे. मध्य प्रदेश-उत्तर प्रदेशाच्या सीमेवरील चित्रकूटच्या खडकांत तांबड्या शैवलांसारखे बहुपेशीय जीवाश्म सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ते सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेवटापासून १६ मीटरवर. प्राण्यांची खात्रीची साक्ष मात्र शेवटच्या सहा मीटरांतली. डिकिन्सोनिया हा चपटा, पापुद्र्यासारखा जीव ५५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. तो प्राणीच होता, हे २०१८ साली त्याच्या जीवाश्मात कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाल्यामुळे सिद्ध झाले. आपली मानवजात या दोरीच्या शेवटच्या ३ मिलिमीटरांत मावते.

साक्ष तपासून घ्यावी लागते, याचेही उदाहरण आपल्या जवळचेच आहे. २०२१ साली भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया सापडल्याचे जाहीर झाले होते. २०२३ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी तो ठसा नीट पाहिला, तेव्हा ते मधमाश्यांचे जुने पोळे निघाले! मूळ संशोधकांनीही चूक मान्य केली. चूक कबूल करण्याने विज्ञानाला कमीपणा येत नाही.

आता ब्लू बॉटलकडे परत जाऊ. तोही एकाच फलित अंडपेशीपासून सुरू होतो. तिच्यापासून पहिला जीवक, त्याला कळ्या फुटून पुढचे जीवक, आणि सर्वांची जनुके सारखी. पेशींनी जे एकदा केले, तेच येथे अख्ख्या प्राण्यांनी पुन्हा एकदा केले. रचनेचा इतिहास पाहाल तर ते अनेक आहेत, व्यवहार पाहाल तर तो एक आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. 'एक' असणे ही गोष्ट जीवसृष्टीत आयती मिळालेली नाही. ती हळूहळू घडत गेली, आणि तुमच्या शरीरात या क्षणीही पेशींना ती सांभाळावी लागत आहे.

करून पाहा

बटाट्याचे दोन घन कापा, एकाची बाजू १ सेंमी, दुसऱ्याची ३ सेंमी. शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही घन पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात तासभर ठेवा. चिमट्याने बाहेर काढून मधोमध कापा. रंग दोन्हींत साधारण सारख्याच खोलीपर्यंत शिरलेला दिसेल. ती खोली मोजा आणि प्रत्येक घनाचा शेकडा किती भाग रंगला ते काढा. खोली २ मिलिमीटर असेल, तर लहान घनाचा सुमारे ७८ टक्के, पण मोठ्याचा सुमारे ३५ टक्केच भाग रंगलेला असेल. हे आकडे कसे आले ते स्वतः पडताळून पाहा.

विचार करा

१. ३ सेंमी बाजूच्या घनाला मध्यातून आरपार भोके पाडली तर काय फरक पडेल? याची स्पंजाशी तुलना करा.

२. कामकरी मुंगी वारुळाबाहेर एकटी फार काळ जगू शकत नाही आणि तिला सहसा संतती नसते. मग मुंग्यांचे वारूळ हा 'एक' जीव म्हणता येईल का? दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडा.